इथली माणसं काय वाचतात

डब्लिन,
21 जून

ती. आत्यास,
सा. न.

‘तिकडची माणसं हल्ली कुठल्या कादंबऱ्या वाचतात गं?’ असं तू परवा फोनवर विचारलंस आणि आतोबांनी लगेच फोन घेतला, त्यामुळे तो विषय तिथेच राहिला. तसंही याचं उत्तर फोनवर देण्याजोगं नाही. सविस्तर लिहिते.

नुकताच 16 जून झाला. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ 16 जून 1904 या एका दिवसात घडते, म्हणून इथे हा दिवस ‘ब्लूम्स डे’ म्हणून साजरा करतात. लिओपोल्ड ब्लूम हा वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा साधा माणूस. सकाळी घराबाहेर पडतो, दिवसभर गावात फिरतो, मध्यरात्रीनंतर घरी येतो. पुस्तक 1922 साली पॅरिसमध्ये निघालं. अमेरिकेत 1933 पर्यंत आणि इंग्लंडमध्ये 1936 पर्यंत ते उघड विकता येत नव्हतं. आता त्याच पुस्तकासाठी लोक जुन्या काळच्या टोप्या आणि झगे घालून रस्त्यावर येतात. त्या नटण्याचं मला फार अप्रूप नाही. मला अप्रूप आहे ते वर्षभर चालणाऱ्या वाचनाचं.

लिंकन प्लेसवर स्वेनी नावाचं औषधांचं जुनं दुकान आहे. तिथली औषधविक्री 2009 मध्ये थांबली, पण हौशी वाचकांनी दुकान जसंच्या तसं राखलंय. लाकडी कपाटं, काचेच्या बाटल्या, लिंबाच्या वासाच्या साबणाच्या वड्या. ठरलेल्या दिवशी तिथे माणसं जमतात, दाटीवाटीने बसतात, प्रत्येकाच्या हातात एक प्रत देतात. एकाने पानभर मोठ्याने वाचायचं, मग शेजारच्याने पुढे. मधे थांबून कोणी अर्थ सांगत बसत नाही. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. आपल्याकडे चातुर्मासात आजी पोथी लावायची ना, अगदी तसंच. ‘युलिसिस’ एकट्याने मनात वाचताना जड जातं, हे खरंच आहे. पण डब्लिनच्या माणसाने डब्लिनच्या हेलात ते वाचलं की त्यातली बोलणी, टोमणे, गाणी सुटी होऊन कानावर येतात. ज्या ओळीवर मी अडले असते, तिथे शेजारच्या आजोबांना हसू फुटलेलं असतं.

मी गेले तेव्हा पाचवं प्रकरण चालू होतं. ब्लूम याच दुकानात येतो. बायकोसाठी चेहऱ्याला लावायचं औषध बनवायला सांगतो आणि जाता जाता लिंबाचा साबण उचलतो. किंमत चार पेनी. नंतर येऊन सगळे पैसे एकदम देतो म्हणतो आणि निघतो. औषध न्यायला तो परत येतच नाही. दिवसभर तो साबण त्याच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरत राहतो. आणि सतराव्या प्रकरणात, रात्री घरी आल्यावर तो त्याच साबणाने हात धुतो, तेव्हा जॉइस आठवणीने सांगतो की तेरा तासांपूर्वी घेतलेल्या या साबणाचे पैसे अजून दिलेले नाहीत! एवढ्या अवघड म्हणून गाजलेल्या पुस्तकात चार पेनींची उधारी अशी सांभाळलेली आहे. त्या दुकानात बसून, त्या साबणाच्या वासात हे ऐकताना मला जॉइस पहिल्यांदा जवळचा वाटला.

पण सगळे काही जॉइस वाचत नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सध्या एडना ओब्रायनची ‘द कंट्री गर्ल्स’ पुन्हा वाचताहेत. खेड्यातल्या दोन मैत्रिणी कॉन्व्हेंटमध्ये शिकतात आणि पुढे डब्लिनला येतात, त्यांची गोष्ट. 1960 साली आली आणि आयर्लंडमध्ये तिच्यावर बंदी आली, कारण मुलींच्या मनात काय चालतं ते लेखिकेने सरळ लिहिलं. आजींच्या थोरल्या बहिणीने लंडनहून येताना ती कपड्यांच्या घडीत लपवून आणली होती. घरातल्या मुलींनी रात्री आळीपाळीने वाचली. 2024 मध्ये लेखिका गेली तेव्हा आजी मला म्हणाल्या, ‘आमच्याबद्दल लिहिणारी ती पहिली.’ आता हे पुस्तक डब्लिनच्या वाचनालयात सहज मिळतं. (आणि 2019 पासून इथल्या सार्वजनिक वाचनालयांत उशिराचा दंडही नाही. तुला हे ऐकून बरं वाटेल!)

ऑफिसात मात्र क्लेअर कीगन. ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ ही 2021 ची कादंबरी, सव्वाशे पानंसुद्धा नाहीत. 1985 चा नाताळ तोंडावर आलाय, न्यू रॉस गावातला कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग कॉन्व्हेंटमध्ये कोळसा टाकायला जातो आणि कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी त्याला सापडते. इथे नन्स चालवत असलेल्या कपडे धुण्याच्या लाँड्र्या होत्या, त्यांत अशा हजारो मुली-बायकांना डांबून राबवलं जाई. शेवटची 1996 मध्ये बंद झाली, सरकारने माफी मागितली ती 2013 मध्ये. गावात सगळ्यांना कुणकुण असते आणि सगळे गप्प असतात. त्या गप्प राहण्याचं इतकं नेमकं चित्रण मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आत्या, तू ही वाचच. जुलैत ऑफिसातली एक मैत्रीण पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पाठवते.

तरुण पोरापोरींच्या हातात दस्तयेवस्कीची ‘व्हाइट नाइट्स’ दिसते. छोटी आहे, प्रेमाची आहे, बस येईपर्यंत चार पानं होतात. यातूनच कोणी पुढे त्याच्या ‘द ब्रदर्स कारामाझव’ या जाडजूड कादंबरीकडे वळेल, असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्याकडे एक काम आहे. आमच्या भागातल्या वाचनालयात महिन्यातून एकदा एक गट जमतो. पुढच्या वेळी प्रत्येकाने आपापल्या भाषेतल्या कादंबरीची दोन-तीन पानं मूळ भाषेत वाचायची आणि मग इंग्रजीत सांगायची, असं ठरलंय. पोलिश, पोर्तुगीज, मल्याळम आहे. मराठीची मी एकटीच. बरेच दिवस ‘कोसला’ की ‘रणांगण’ चाललं होतं, पण मी ‘बनगरवाडी’ वाचणार आहे.

कारण सांगते. इथे लिफी नदीच्या काठावर दुष्काळाचं स्मारक आहे. हाडं वर आलेली ब्राँझची माणसं जहाजाकडे निघालीत, एकाने खांद्यावर कोणाला तरी टाकलंय, मागून कुत्रं चाललंय. 1845 ते 1852 च्या दुष्काळात इथे सुमारे 10 लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. गावंच्या गावं ओस पडली. माडगूळकरांच्या पुस्तकात शेवटी पाऊस नाही, मेंढरं जगत नाहीत आणि अख्खी धनगरवस्ती पोट भरायला बाहेर पडते. हे या लोकांना समजावून सांगावं लागणार नाही. त्यांच्या पणजोबांनी तेच केलंय. 1955 चं माणदेशातलं पुस्तक डब्लिनमध्ये ऐकायला याहून योग्य माणसं मला मिळायची नाहीत.

माझी प्रत कोल्हापुरातच राहिली, तुझ्या कपाटात वरून दुसऱ्या खणात असेल. नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरात नक्की मिळेल. शेवटच्या प्रकरणाच्या पानांचे फोटो काढून पाठव. राम देशमुखांचा इंग्रजी अनुवाद आहे, पण इथे मिळाला नाही, तेव्हा तेवढ्या पानांचं इंग्रजी मीच करीन. आणि मास्तर पहाटे चालत गावाला येतो ती सुरुवातीची पानंही पाठव. दोन्ही वाचू की फक्त शेवट, ते तू ठरव. शाळेत इतकी वर्षं मोठ्याने वाचून दाखवलंयस, कुठे थांबायचं ते तुला जास्त कळतं.

आतोबांना नमस्कार. तू सध्या काय वाचतेयस, तेही कळव.

तुझी भाची