डॉक्टरकाकू, तुम्ही आधी शी बघितलीत

प्रिय डॉक्टरकाकू,
सा. न.

भुऱ्या ठणठणीत आहे. आज सकाळी त्याला घट्ट शी झाली आणि ती पिशवीत उचलताना मी चक्क हसत होतो. ज्याच्या घरी कुत्रा नाही त्याला हा आनंद कळायचा नाही.

त्या रात्री भुऱ्याला जुलाब लागले म्हणून तुमची बेल वाजवली, तेव्हा त्याला दूध पाजून झालं होतं आणि माझी स्वतःची जुलाब थांबवायची गोळी खिशात तयार होती. गोळी तुम्ही काढूनच घेतलीत. कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींत जनुकातल्या दोषामुळे ती थेट मेंदूवर जाते, हे मला कुठलं माहीत! आणि दूध मोठ्या झालेल्या कुत्र्यांना बऱ्याचदा पचत नाही, म्हणजे मी आगीत तेलच ओतलं होतं.

मग तुम्ही खाली येऊन मोबाइलच्या उजेडात शी बघितलीत. खरं सांगतो, मला किळस आली. थोडी थोडी, सारखी सारखी, कुंथून, वर शेंबडासारखी आव. म्हणजे बिघाड मोठ्या आतड्यात, म्हणालात. एकदम भरपूर, पाण्यासारखी झाली की लहान आतड्यावर संशय. डांबरासारखी काळी असती तर वर कुठेतरी रक्तस्राव, आणि मग तडक दवाखाना. भुऱ्याची हिरडी दाबलीत, ती पांढरी पडली आणि बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडलीत, तीही लगेच जागेवर बसली, म्हणजे अंगातलं पाणी फारसं आटलं नव्हतं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मी उकिरड्याला शिव्या घालत होतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "खाणं बदललंस का रे?" बदललं होतं. त्याच्या तयार कोरड्या खाण्याचे जुने दाणे संपले म्हणून नव्या कंपनीचे वाटीभर ओतले, एका दिवसात. आठवडाभर जुन्यात मिसळत न्यायचे असतात, हे आता पाठ झालंय. तरी जंतांची शंका नको म्हणून ताजी शी तपासायला लावलीत. त्यात काही निघालं नाही.

रात्रभर पोटाला विश्रांती, पाणी मात्र कायम समोर. सकाळी तुम्ही डब्यात दिलेला पहिला घास: कातडी आणि हाडं काढून नुसत्या पाण्यात उकडलेलं चिकन एक भाग, मऊ पांढरा भात दोन भाग. मीठ, तेल नाही, कांदा-लसूण तर विषच. पठ्ठ्यानं चिकन वेचून खाल्लं आणि भात तसाच ठेवला! तुम्ही म्हणालात, कुस्करून कालव. मग दिवसातून पाचदा थोडं थोडं दिलं. तिसऱ्या दिवशी शी आवळली, तेव्हा जुने दाणे पुन्हा आणून पाव हिश्श्यानं सुरू केले. मी महिनाभर भातावरच ठेवायला निघालो होतो, पण त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसं नसतं म्हणून तुम्ही रागावलात.

लस न झालेलं पिल्लू असतं, किंवा उलट्या, रक्त, मलूलपणा असता, तर पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणू-आजाराच्या भीतीनं तुम्ही मला भात शिजवू दिलाच नसता, हेही लक्षात ठेवलंय.

तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. उद्या संध्याकाळी आणून देतो. भुऱ्यापण येईल, तेव्हा मनीला आतल्या खोलीत ठेवा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा