झोपेच्या गोळीने नैराश्य जात नाही

महोदय,

१ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी शाल-श्रीफळ होतं आणि १० तारखेच्या मानसिक आरोग्य दिनी महाविद्यालयांत भाषणं होतात. म्हातारपणीचं नैराश्य मात्र या दोन्हींतून निसटतं. त्याविषयी थोडं.

सत्तरीतलं माणूस 'मी उदास आहे' असं सहसा म्हणत नाही. पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही, नावं आठवत नाहीत, पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही, ही त्याची तक्रार असते. घरचे म्हणतात, वय झालं. खरं तर दुपारपर्यंत घडीही न मोडलेला पेपर आणि ढिला झालेला पट्टा जास्त सांगून जातो. एकटं राहणाऱ्यालाच हे होतं असंही नाही. भरल्या घरात, ऐकू कमी येतं म्हणून गप्पांतून बाहेर पडलेली आजीसुद्धा एकटीच असते. तिथे आधी कानाचं मशीन बघावं.

पहाटेची जाग ऐकून बहुधा अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी लिहून दिली जाते. पहिल्या रात्री झोप लागते, मग तीच चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते. या गोळीने नैराश्य हटत नाही. उतारवयात तिचा अंमल लांबतो. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुबा मोडतो, विसरभोळेपणा वाढतो. पण हे वाचून ती एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, ती उतरवावी लागते.

नैराश्याचा संशय आल्यास आधी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि सोडियम तपासावं. यांतलं काही बिघडलं असलं तरी माणूस असाच मलूल दिसतो. औषध लागलंच तर डोस छोट्यापासून सुरू होतो. एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी असेल तर बहुधा ५ मिलिग्रॅमपासून. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, गुण मात्र चार ते आठ आठवड्यांनी दिसतो. बरेच जण नेमके या मधल्या काळात गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही ती निदान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागते.

एक धोका घरच्यांना कोणी सांगत नाही. नैराश्यावरच्या या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. पेशंट असंबद्ध बोलतो, लडखडतो, आणि आजार वाढला समजून डोस वाढवला जातो. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी सोडियम पुन्हा तपासून घ्यावं.

परगावच्या मुलांनी 'कसे आहात?' विचारलं की 'बरा आहे' एवढंच उत्तर येतं. रोज ठरल्या वेळी फोन करून आज काय जेवलात, कुठवर फिरून आलात, हे विचारावं. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारावं; विचारल्याने ते मनात शिरत नाहीत. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नये, गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात घ्यावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. १४४१६ या टेलि-मानस या सरकारी मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं.

ज्येष्ठ नागरिक संघांना एक विनंती. शिबिरात साखर आणि रक्तदाब तपासताच ना? त्याच कागदावर दोन प्रश्न छापा: गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न होतं का? आवडत्या गोष्टींतला रस गेला का? एकालाही 'हो' आलं, तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागाचा वार आणि वेळ खाली लिहून द्या.

— एक मनोविकारतज्ज्ञ, पुणे