बांबोळीतल्या त्या अनोळखी माणसांना

पेडण्याहून पहाटेच्या बसने आईला घेऊन गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आलो होतो. एमआरआयच्या बोगद्याची तिला धास्तीच होती. तंत्रज्ञ ताईंनी तिच्या हातात रबरी फुगा दिला. "आई, भीती वाटली की दाबा, लगेच बाहेर काढते." यात क्ष-किरण नसतात, चुंबक असतं, आवाज तेवढा मोठा येतो, हे सांगून त्यांनी तिच्या कानांत बोळे घातले. मंगळसूत्र उतरवताना ती रडवेली झाली; ताईंनी ते रुमालात बांधून माझ्याकडे दिलं. ते मी विसरणार नाही.

शिरेतून औषध देण्याआधी मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पुन्हा तपासणाऱ्या शिकाऊ डॉक्टर, व्हीलचेअर ढकलणारे दादा, आतल्या खोलीत फिल्म वाचणारे, कधी न दिसलेले डॉक्टर, तुमची नावं विचारायची राहिली. देव बरें करूं!