ताबोसाठी एक पूर्ण दिवस

बोरिवली, मुंबई

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या हिमाचलातल्या स्पितीच्या सहलीचा कार्यक्रम तुझ्या आईने मला दाखवला. ‘की’ नावाचा मठ, लांगझा गाव, चिचमचा पूल यांसाठी त्यात भरपूर वेळ आहे. ताबोच्या प्राचीन बौद्ध मठाच्या वाट्याला मात्र जेवणापुरता थांबा आला आहे. ताबोला एक पूर्ण दिवस आणि एक रात्र द्यावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

ताबो बाहेरून पाहून तुझी निराशा होईल. ‘की’ मठासारखा तो टेकडीवर चढत गेलेला नाही. स्पिती नदीकाठच्या सपाटीवर जाड मातीच्या भिंतींची, बसकी, जवळजवळ बिनखिडक्यांची मंदिरे आहेत. इ. स. ९९६ मध्ये तो उभा राहिला आणि परंपरा त्याचे श्रेय तिबेटी भाषांतरकार रिन्चेन झांगपो यांना देते. मुख्य सभागृहात शिरल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की चारही भिंतींवर, आपल्या डोक्याच्या वर, रंगवलेल्या मातीच्या मूर्ती उमटू लागतात. त्या वज्रधातू मंडलातील, म्हणजे बौद्ध देवतांच्या एका ठरावीक मांडणीतील देवता आहेत, म्हणजे एरवी कापडावर रंगवलेले जे मंडल आपण समोरून पाहतो, त्याच्या आत तू उभी असशील. त्यांच्याखाली एका भिंतीवर गुरूमागून गुरू शोधत निघालेल्या, बौद्ध ग्रंथातल्या सुधन या तरुणाची यात्रा आणि दुसरीकडे बुद्धचरित्र चितारलेले आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने सावकाश चालत गेलीस तरच ही कथा क्रमाने उलगडते, आणि अर्ध्या तासात ते होत नाही.

ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात, ते मला फारसे पटत नाही. अजिंठा कातळात आहे, आपली कान्हेरीही कातळात आहे. जिथे चार महिने पाऊस कोसळतो, तिथे भिक्खूंनी बेसाल्ट कोरून निवारा केला आणि तेच पाणी लेण्यांशेजारच्या टाक्यांत साठवले. स्पिती हिमालयाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे तिथे मातीची भिंत हजार वर्षे टिकू शकली. मुंबईत ती दोन पावसाळेही टिकली नसती. १९७५ च्या किन्नौर भूकंपातही त्या मंदिरांचे नुकसान झाले, पण ती पडली नाहीत. आता तिकडेही अवेळी पाऊस पडू लागल्याने त्या सपाट मातीच्या छपरांची काळजी वाटते.

मार्गही बदलावा. मनालीहून गेलात तर पहिल्याच दिवशी साडेचार हजार मीटरांवरची कुंझुम खिंड ओलांडावी लागेल, आणि विरळ हवेने डोके धरले की कसले मंडल नि कसला सुधन! शिमल्याहून रामपूर, कल्पा, नाको असे गेल्यास उंची हळूहळू वाढते आणि सुमारे ३,२८० मीटरांवरच्या ताबोला पोहोचेपर्यंत शरीर रुळलेले असते. उतरताना मनालीचा रस्ता घ्या.

जुन्या मंदिरांत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. तुझ्या मित्रमंडळींना हे आधीच सांग, तिथे कुणाशी वाद नको. लहान विजेरी ने, पण तिचा झोत चित्रांवर रोखून धरू नकोस. मठात आजही भिक्खू राहतात आणि शिकतात, तेव्हा बोलणे हळू असावे.

शिमल्याचा मार्ग ठरला तर लवकर कळव, म्हणजे चंदीगडपर्यंतचे आरक्षण मी इथूनच करून ठेवीन.

तुझे,
बाबा