रविवारची बैठक : आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी दहाला नेहमीच्या जागी बैठक आहे. विषय : सरकारी अधिकाऱ्यांना राष्ट्रीय सुरक्षा आणि परराष्ट्र धोरण शिकवतं कोण?

चर्चा मुख्यतः दिल्लीच्या तीस जानेवारी मार्गावरच्या नॅशनल डिफेन्स कॉलेजवर होईल. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झालेल्या या संस्थेत ब्रिगेडियर व त्या तोडीचे नौदल-हवाईदलाचे अधिकारी, वरिष्ठ सनदी अधिकारी आणि मित्रदेशांतले अधिकारी ४७ आठवडे एकत्र शिकतात. अर्थकारण, शेजारी देश, तंत्रज्ञान असे विषय असतात. शिवाय सीमाभागाचा आणि परदेशाचा दौरा. फौजी आणि सनदी अधिकारी वर्षभर एका टेबलाशी बसतात, माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होतं.

भारताने राष्ट्रीय सुरक्षेचं एकसंध लेखी धोरण अजून जाहीर केलेलं नाही. मग शिकवायचं कशाच्या आधारे, यावर वाद होणारच. त्यासाठी वेळ राखून ठेवला आहे. व्हॉट्सॲपवरचे फॉरवर्ड मात्र कृपया घरीच ठेवा.

निवृत्त सभासदांपैकी कुणी असं प्रशिक्षण घेतलं असेल तर दहा मिनिटं अनुभव सांगावा, गोपनीय सोडून. नावं शुक्रवारपर्यंत द्या. चहा आहे, नाश्ता करून या.

– कार्यवाह