ओडिशातल्या गोपाळपूरच्या काकाजींना, त्या लाल खुर्चीबद्दल

काकाजी, नमस्कार.

तुमच्या नातवाला फोटो पाठवले तर त्याने नुसता अंगठा पाठवला, त्यामुळे तुमच्यापर्यंत काय पोचलं देव जाणे. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे. तुम्हाला मराठी येत नाही, पण फोन करून हिंदीत वाचून दाखवीन.

आधी राग काढून टाकते. आमच्या इकडच्या टूरवाल्याने "मॅडम, गोपाळपूरला आहे काय बघायला, पुरी-कोणार्क-चिलिका करा ना" म्हणून डोकं खाल्लं, मग व्हीलचेअरचे वेगळे पैसे घेतले आणि तिथं पोचलो तर व्हीलचेअर नाहीच, आणि साहेबांचा फोन बंद. ड्रायव्हर रेतीकडे बोट दाखवून मोकळा झाला. हॉटेलच्या काउंटरवर जुन्या बोर्डिंग हाउसचं विचारलं तर पोरगा म्हणे इथं जुनं काहीच नाही. वा रे वा!

आणि आईचं मागणं ते काय, लाटेत पाय बुडवायचे. ऐंशी पार झालीय, गुडघे गेलेत. तिचे वडील बीएनआरमध्ये, म्हणजे बंगाल-नागपूर रेल्वेत, मोतीबागला क्वार्टर, उन्हाळ्यात पास काढायचा आणि गाडीने ब्रह्मपूर, तिथून पुढे पंधरा-सोळा किलोमीटरवर समुद्र. नागपूरच्या मे महिन्यातून उठून थेट समुद्रावर, विचार करा! 1914 मध्ये मॅग्लिओनी नावाच्या इटालियन माणसाने तिथं पाम बीच हॉटेल काढलं, पुढे ते ओबेरॉयकडे गेलं, आता मेफेअरकडे आहे. पण आजोबांची मजल एका अँग्लो-इंडियन बाईच्या बोर्डिंग हाउसपर्यंतच, आणि आईला अजून तिथलं पुडिंग आठवतं.

तुम्ही जाळं दुरुस्त करत बसले होते. नागपूर म्हटल्याबरोबर हसले, म्हणाले सुरतेला कापडाच्या लूमवर होतो, गाडी नागपूरवरूनच जायची. तुमच्या गंजाम जिल्ह्याची अर्धी पोरं सुरतेला हे मला ऐकून माहीत होतं, पण तुम्ही त्या जेटीच्या उरलेल्या खांबांकडे हात करून म्हणाले की आमचे बापजादे इथून बोटीने रंगूनला जायचे, आम्ही रेल्वेने सुरतेला जातो, आणि मला एकदम सगळं गाव कळलं. जहाज किनाऱ्याला लागायचंच नाही, आत समुद्रात उभं राहायचं आणि माल, माणसं सगळं तुमच्या लोकांच्या मसुला होड्यांतून लाटा फोडून न्यायचं. त्या होडीत खिळा नाही, फळ्या काथ्याने शिवलेल्या, लाट आपटली की होडी वाकते पण फुटत नाही. मग 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि बंदर बसलं. गोदामांच्या भिंती राहिल्या. तिथल्या बोर्डवर यातलं काय लिहिलंय, मला तरी दिसलं नाही.

पण पत्र त्यासाठी नाही हो.

तुम्ही काही न विचारता चहाच्या टपरीवरून लाल प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली, तुमच्या नातवाने आणि तुम्ही आईला त्यात बसवून उचलून नेलं आणि पाण्यात ठेवलं. लाट परत जाताना खुर्चीखालची रेती ओढून नेते, हे मला ठाऊकच नव्हतं. मागचा डावा पाय दर वेळी खचायचा. आणि तुम्ही मागे गुडघा टेकवून उभे, खुर्ची कलली की आईसकट अलगद वर घ्यायचे, पुन्हा ठेवायचे, पुन्हा कलली की पुन्हा, आणि मोठी लाट दिसली की "अम्मा, आ रहा है" म्हणून आधी सांगायचे. आईच्या चपला वाहून जातील म्हणून त्या तुम्ही लुंगीला कमरेशी खोचल्या होत्या. तिच्या चपला, तुमच्या कमरेला! मी काढून घ्यायला गेले तर हातानेच थांबवलं, लक्ष समुद्राकडे. लहानपणी असाच एक नोलिया, म्हणजे तिथला कोळी, हात धरून तिला लाटेत न्यायचा म्हणे, तेव्हापासून ती म्हणते की त्या लोकांचा हात सुटत नाही. मला वाटायचं सांगतेय आपलं काहीतरी.

2013 च्या फायलीन वादळात तुमचं घर गेलं हे तुम्ही चहा पिता पिता असं सांगितलं जसं कोणाचं छत्रीचं काडं मोडलं. आणि इकडे माणसं साधी व्हीलचेअर पाठवत नाहीत. सज्जनपणाचा कोर्स कुठे मिळत नाही बाप्पा, नाहीतर त्या टूरवाल्याची फी मी भरली असती. पैसे घेऊन काम न करणारे आणि न सांगता काम करणारे, एकाच देशात राहतात, नवल वाटतं.

आई बरी आहे. रोज कोणाला तरी फोन करून खुर्चीची गोष्ट सांगते, तिच्या गोष्टीत लाटा दरवेळी थोड्या मोठ्या होतात. आता एक काम करा. नातू सुरतेला निघाला की गाडीचं नाव आणि डब्याचा नंबर तेवढा पाठवायला सांगा. रात्री दोन वाजता असली तरी चालेल, मी नागपूर स्टेशनवर पोळ्या, झुणका आणि संत्री घेऊन उभी राहीन, आणि झुणका तिखट असेल हे त्याला आधीच सांगून ठेवा.