न जिंकणाऱ्यालाही गुणतक्ता मिळतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉफीच्या गुणवत्ता स्पर्धांवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. विजेत्याच्या चार पोत्यांचं कौतुक होतं आणि बाकीच्यांच्या हाती काहीच लागत नाही, असं आपण लिहिलंत. लिहिण्याआधी स्पर्धेला नमुना पाठवलेल्या एका तरी शेतकऱ्याला विचारायला हवं होतं. मी पाठवला आहे. जिंकलो नाही.

आमची कॉफी वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याकडे जायची. तो मूठभर दाणे हातात घ्यायचा आणि त्या दिवशीचा बाजारभाव सांगायचा. एका वर्षी वडिलांनी फक्त पूर्ण पिकलेली लाल फळं तोडून घेतली. तोडणीची मजुरी जवळपास दुप्पट गेली, पण भाव मिळाला तोच. ‘चव कोण बघतंय?’ असं म्हणून त्याने ती पोती आमच्या डोळ्यांदेखत सगळ्यांच्या मालात ओतली. वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. निवडून तोडणं त्यांनी त्यानंतर सोडलं.

ते गेल्यावर मी नमुना पाठवला. पहिल्याच फेरीत बाद झालो, पण गुणतक्ता आला. गोडवा चांगला, आम्लता चांगली, मात्र घोट गिळल्यावर आंबूस चव रेंगाळते, असा शेरा होता. गर काढलेले दाणे टाकीत किती तास ठेवायचे हे आम्ही घड्याळ बघून ठरवायचो. उकाड्यात दाणे लवकर आंबतात, हे लक्षातच घेतलं नव्हतं. पुढच्या हंगामात दाण्यावरचा चिकटपणा सुटला की लगेच धुवायला घेतलं. गुण वाढले. तो कागद दाखवून कॉफी भाजणाऱ्या एका खरेदीदाराशी थेट बोलता आलं आणि भाव बाजारापेक्षा वर मिळाला. पदक अजूनही नाही.

पनामाचं उदाहरण आपण अर्धंच दिलंत. 2001 साली जागतिक बाजारात कॉफी पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेली होती. 2004 साली ‘हासिएंदा ला एस्मेराल्दा’ या बागेतली गेशा जातीची कॉफी ‘बेस्ट ऑफ पनामा’ स्पर्धेत पहिली आली आणि लिलावात पौंडाला 21 डॉलरला गेली. ती झाडं बागेत आधीपासूनच होती, त्यांची फळं बाकीच्या कॉफीत मिसळून जायची. मालकांनी बागेच्या एकेका तुकड्याची कॉफी वेगळी काढून चाखली, तेव्हा कुठे कळलं. वडिलांची पोती कुणी चाखलीच नाहीत. 1999 साली ब्राझीलमध्ये सुरू झालेल्या ‘कप ऑफ एक्सलन्स’मध्ये परीक्षकांपुढे फक्त क्रमांक असतो, शेतकऱ्याचं नाव नसतं. आमच्यासारख्यांना तेवढं पुरतं.

आपलं एक म्हणणं मान्य. लिलावात जातो तो थोडासा माल, बाकीचा हंगाम नेहमीच्याच भावाने विकावा लागतो. नमुना तयार करून पाठवायचा खर्चही लहान शेतकऱ्याला जड जातो. त्यावर जरूर लिहा. पण म्हणून स्पर्धाच नकोत, हे कसलं उत्तर?

आणखी एक. ‘बेस्ट ऑफ पनामा’च्या 2019 च्या लिलावातला 1,029 डॉलरचा, तेव्हाचा विक्रमी भाव आपण किलोचा म्हणून छापला आहे. तो पौंडाचा होता, आणि पौंड म्हणजे साधारण 454 ग्रॅम. गेल्या वर्षीही हीच चूक झाली होती. मी पत्राने कळवली होती, दुरुस्ती आली नाही. या वेळी ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक कॉफी उत्पादक